जास्त आलेली रोकड

आमच्या मेहुण्याला छंद नाहीत. त्याला झटके येतात. एका दिवाळीत तो दुर्बीण घेऊन आला आणि चार रात्री आम्हा सगळ्यांना गच्चीवर उभं करून शनीची कडी दाखवत होता. ती कुणालाच दिसली नाहीत. चौथ्या रात्री त्याला वाईट वाटू नये म्हणून मी 'दिसली' असं सांगून टाकलं आणि खाली येऊन झोपलो. पुढच्या वर्षी मधमाश्या. त्या मात्र सगळ्यांना दिसल्या. आणि गेल्या नाताळच्या सुट्टीत तो पुण्याहून डहाणूला उतरला, तो खांद्यावर एक लांबलचक खोका घेऊनच.

खोक्यातून निघाला मेटल डिटेक्टर. पूर्वी हे यंत्र फक्त विमानतळावर किंवा मंत्र्यांच्या सभेला दिसायचं. आता ते भांडी-कपड्यांसारखं घरपोच येतं. एक काठी, काठीच्या टोकाला ताटलीएवढं चक्र, हाताशी एक डबी आणि कानाला लावायचे बोंडके. चक्रातल्या तारेतून वीज खेळते, तिचं चुंबकक्षेत्र जमिनीत शिरतं, खाली धातू असला तर त्यात हलकीशी वीज उठते आणि ती वर येऊन चहाडी करते. यंत्र 'पीं' करतं. आपण खणायचं. माणसांत ही चहाडीची विद्या पूर्वीपासून आहे. फक्त त्यासाठी बॅटरी लागत नाही.

"तिकडे परदेशात, भावोजी," मेहुणा म्हणाला, "माणसं रविवारी सकाळी शहरातल्या बागेत जातात आणि गवतावरून हे फिरवत बसतात. राजाराणीच्या काळातली नाणी निघतात!"

आपल्याकडच्या बागेत 'फुले तोडू नयेत' अशी पाटी असते. 'खणू नये' अशी नसते, कारण तसं कुणी करील हे नगरपालिकेच्या मनात आलेलं नाही. पण मी पडलो बँकेतला क्लार्क. माझा अर्धा गाव खातेदार. बागेत हिरवळ उकरताना त्यांतल्या कुणी पाहिलं तर ठेवी काढून नेतील. तेव्हा बाग रद्द करून आम्ही समुद्रावर, सुरूच्या झाडांखाली जायचं ठरवलं. पहाटे सहाला मेहुणा पुढे यंत्र घेऊन, मागे मी हिच्या कुंडीतलं खुरपं घेऊन, आणि आमच्यामागे एक कुत्रा. तासाभरात कुत्र्यामागे सात पोरं, दोन फिरायला आलेले निवृत्त गृहस्थ आणि एक शहाळेवाला एवढी मिरवणूक जमली.

पहिल्या तासाची मिळकत अशी : सोड्याच्या बाटल्यांची एकवीस बुचं, एक सांडशी, होडीचे गंजके खिळे आणि पंचवीस पैशांची तीन नाणी. गेंड्याचं चित्र असलेले ते चार आणे पाहून मला भरून आलं. ३० जून २०११ ला ते चलनातून गेले, त्याआधीच्या आठवड्यात मी या गेंड्यांचे कळपच्या कळप मोजून पिशव्यांत भरले होते. हे तिघे तेवढे निसटलेले.

मग दोन वस्तू सापडल्या. दोन बोटं वाळूखाली एक चांदीचं जोडवं. आणि थोड्या वेळानं, एका सुरूच्या बुंध्याशी, वीतभर खाली, एक काळाकुट्ट रुपया. खुरप्याच्या टोकानं खरवडला तर पंचम जॉर्जचं मुकुटासकट डोकं, आणि मागे साल १९१८. मेहुण्यानं आरोळी ठोकली. कुत्रा पळाला.

घरी आल्यावर हिनं आधी जोडवं हातात घेतलं. "अगं बाई! कुणाचं हो हे? बिचारीला घरी गेल्यावर किती बोलणी बसली असतील!" एका क्षणात हिच्या डोळ्यांसमोर ती बिचारी, तिची सासू, न बोलता पेपर वाचणारा तिचा नवरा असं अख्खं घर उभं राहिलं. दुसरं जोडवं आता ती कुठं ठेवत असेल, याचीही हिनं काळजी केली. मग रुपया घेतला, चिंचेनं लख्ख घासला, "लक्ष्मीपूजनाला झाला हो," म्हणाली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिला.

'कुणाचा हो हा?' असं हिनं विचारलं नाही. खरं सांगायचं तर मीही विचारलं नाही. चांदी तीच, वाळू तीच, सकाळ तीच. एकीचा मालक डोळ्यांसमोर येतो आणि दुसऱ्याचा येत नाही, एवढाच फरक.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र माझं डोकं चालायला लागलं. (दिवसा ते बँकेच्या ताब्यात असतं.) हरवलेली वस्तू नेमकी किती वर्षांनी 'सापडलेली' होते? काल कुणाच्या खिशातून पडलेली शंभराची नोट मी खिशात घातली, तर मी चोर. दहा वर्षांपूर्वी पडलेलं नाणं घातलं तर नशीबवान. शंभर वर्षांपूर्वीचं घातलं तर संग्राहक. आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं सापडलं तर वर्तमानपत्रात फोटो. मालक तर चारही वेळा होताच की! बिचारा चौथ्या खेपेला फक्त तक्रार करायला येऊ शकत नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. तत्त्वज्ञानाशी माझा जो काही संबंध आला, तो कॅश काउंटरच्या काचेमागूनच. तिथला नियम असा की संध्याकाळी रोकड कमी भरली, तर ती कॅशियरनं आपल्या खिशातून भरायची. त्यात चर्चा नाही. नवीन असताना मी एकदा दोन हजार भरले आहेत आणि तो महिना आम्ही पिठलं-भातावर काढला आहे. पण रोकड जास्त आली, तर? नव्या पोरांना वाटतं, कमी आली ती आपली तर जास्त आली तीही आपली. न्याय म्हणजे न्याय. तसं नसतं. जास्त आलेली रोकड कॅशियरची नाही. गंमत म्हणजे ती बँकेचीही नाही. ती एका वेगळ्या खात्यात, तारीख घालून, मालकाची वाट पाहत बसते. खुद्द खातेदार दहा वर्षं फिरकला नाही, तर त्याची ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत पाठवतात. पण त्यानंतरही तो उगवला तर त्याला पैसे द्यावे लागतात. म्हणजे एवढी मोठी रिझर्व्ह बँक, नोटांवर सही करणारी, तीसुद्धा 'सापडलं ते माझं' असं म्हणत नाही. आणि मी मात्र एका सकाळीत पंचम जॉर्जला देव्हाऱ्यात बसवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मेहुण्याला १८७८ चा कायदा सांगितला. जमिनीत दडलेलं काही मूल्यवान सापडलं आणि त्याची रक्कम किंवा किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर कलेक्टरला लेखी कळवायचं. न कळवलं तर आपला वाटा सरकारजमा आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शंभर वर्षांच्या आत कुणी ते पुरलं असेल आणि तो किंवा त्याचे वारस समोर आले, तर ते त्यांचं.

"पण याची रक्कम एक रुपया आहे," मेहुणा म्हणाला. "वरच लिहिलंय. दहाच्या आत!"

"रक्कम किंवा किंमत. तोळाभर चांदी आहे ती."

"आणि 'दडलेलं' म्हणजे कुणी दडवलेलं. हा नुसता पडलेला असेल."

"वीतभर खोल?"

"वाळू सरकते, भावोजी. शिवाय साल १९१८. शंभर वर्षं होऊन गेली!"

यावर मात्र मी त्याला पकडला. चेकवरची तारीख ही चेक वटल्याची तारीख नव्हे. रुपया १९१८ ला पाडला, म्हणून १९१८ ला हरवला असं नाही. तो १९५० साली एखाद्या आजीच्या चंचीतून पडला असेल. तिचा नातू माझ्याच काउंटरवर रोज येत असेल आणि मी त्याला 'पुढच्या खिडकीवर जा' म्हणत असेन.

या सगळ्याचा निकाल लागून समजा रुपया बेवारस ठरला, तर कायद्यात वाटणीही आहे. जागेचा मालक दुसरा असेल आणि आधी काही करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन भाग आणि जागेवाल्याला एक. म्हणजे रुपयातले चार आणे जागेच्या मालकाचे, बारा आणे आमचे. मी हा हिशेब गंमत म्हणून केला आणि 'बारा आणे' म्हणताना अडकलो.

कारण तो आकडा या मातीतला आहे. मे १९४५ मध्ये झरीला, म्हणजे आपल्या आजच्या तलासरी तालुक्यात, गोदावरी परुळेकर आणि किसान सभेची मंडळी यांच्यासमोर हजारो वारली जमले होते. दिवसाची रोजी बारा आणे हवी, त्याखाली सावकाराच्या शेतावर राबायचं नाही, ही त्यांची मागणी होती. तीही भांडून मिळवायची. त्याआधी वारल्याच्या हाती रोख रक्कम यायची ती बहुधा लग्नासाठी काढलेलं कर्ज म्हणून, आणि त्यापायी नवरा-बायको दोघंही सावकाराच्या दारी बांधली जायची. लग्नगडी म्हणत त्यांना. आता सांगा, १९१८ नंतरच्या त्या पंचवीस-तीस वर्षांत डहाणूच्या किनाऱ्यावर हा रुपया ज्याच्याकडून पडला तो सावकार असेल, तर त्याला संध्याकाळी पत्ताही लागला नसेल. पण दुसरा कुणी असेल, तर त्यानं आणि त्याच्या बायकोनं हीच वाळू दोन्ही हातांनी उपसली असेल, यंत्राशिवाय, अंधार पडेपर्यंत.

"भावोजी, तुम्ही फारच मागे जाता," मेहुणा म्हणाला. "असा मालक शोधत गेलं तर थांबायचं कुठं?"

डहाणूत थांबणं कठीणच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात एक लेख कोरलेला आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. नहपान राजाचा जावई उषवदात यानं कुठंकुठं काय दानधर्म केला त्याची ती यादी. तीत ज्या नद्यांवर त्यानं लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, त्यांत तापी आणि दमण यांच्या पंगतीला आपली डहाणूची नदी आहे, 'दाहनुका' म्हणून. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात याच जावयाची मुदत ठेव आहे! दोन हजार कार्षापण एका विणकरांच्या श्रेणीकडे महिना शेकडा एक दरानं, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च चालवायचा. मी हे प्रथम वाचलं तेव्हा उठून उभा राहिलो. साल दरसाल बारा टक्के! आमच्या शाखेतला आजचा दर उषवदाताला सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये. आणि हे खातं कुणी बंद केल्याची नोंद नाही. व्यवहार नसलेलं खातं म्हणून मी ते मनातल्या मनात कधीच रिझर्व्ह बँकेकडे पाठवून दिलं आहे.

त्याच्या सासऱ्याच्या नाण्यांचं पुढं काय झालं तेही सापडलेलं आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांहून जास्त. त्यांतल्या नऊ हजारांवर तर गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केल्यावर आपला छाप मारलेला. नाणं तेच ठेवलं, वर हातोडी हाणली आणि मालक बदलला. राजांना हे सोपं असतं. एका फटक्यात मागच्याचं नाव पुसट होतं आणि वर आपलं उमटतं. पण नीट पाहिलं तर खालचं नाकडोळे असलेलं डोकं दिसतंच, म्हणे. हिनं चिंचेनं घासून देव्हाऱ्यात ठेवला तो छापही मला तशाच जातीचा वाटायला लागला.

मेहुण्याकडे यावर तोडगा होता. इंग्लंडमधल्या एका माणसाची गोष्ट त्यानं मला आधीच तीनदा सांगितली होती. १९९२ साली हॉक्सन नावाच्या गावी त्याला रोमन काळातली जवळजवळ पंधरा हजार सोन्याचांदीची नाणी सापडली आणि साडेसतरा लाख पौंड मिळाले! मेहुण्याच्या गोष्टीत फक्त पौंड असत. मी बाकीची वाचली. तो माणूस खजिना शोधायला गेलाच नव्हता. त्याच्या शेतकरी मित्राचा हातोडा शेतात हरवला होता, तो शोधायला गेला होता. सोनं लागल्यावर त्यानं खणणं आवरतं घेतलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी जाणत्या लोकांनी नीट खणलं, म्हणून पेटीत काय कुठं कसं रचलं होतं तेही समजलं. बक्षीस त्यानं मित्राबरोबर वाटून घेतलं. आणि हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मला त्या पंधरा हजार नाण्यांपेक्षा तो हातोडा जास्त पाहावासा वाटतो. त्या शेतात मालकाचं नाव माहीत असलेली तेवढी एकच वस्तू होती.

इतकं लांब कशाला, आपल्या चिंचणीचे ताम्रपट घ्या. शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा एक पट त्यांत आहे. राष्ट्रकूटांच्या वतीनं संजाणचा कारभार पाहणारा एक अरब अधिकारी, त्यानं दोन ओढ्यांवर ठेवलेली फुकट नाव, भात-कालवण-तुपाचं मोफत अन्नछत्र, सगळं त्यात आलं आहे. ज्याच्या हाती हे पत्रे आले त्यानं तांब्याच्या भावानं मोडीत घातले असते, तर डहाणूकरांच्या दोन कढया झाल्या असत्या. त्या कढयांवर आक्षेप घ्यायला कुणीही आलं नसतं.

हे सगळं मी मेहुण्याला ऐकवत होतो खरा. पण माझ्या मनात खरं म्हणजे दुसरंच चाललं होतं. मला तलासरी आठवत होती.

२०१९ च्या सुरुवातीला मी तलासरीच्या शाखेत होतो. आदल्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के चालू होते. थंडीच्या दिवसांत माणसं घर सोडून बाहेर झोपत होती. काउंटरवरचा स्टॅम्प हलला की आम्ही एकमेकांकडे पाहायचो. अशाच एका सकाळी एक म्हातारी वारली बाई रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिनं कमरेची गाठ सोडली आणि फडक्यातून पाचशेच्या सात नोटा माझ्यापुढे ठेवल्या. जुन्या. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीपासून बाद झालेल्या.

"सापडल्या," ती म्हणाली. आणि हसली.

हळूहळू कळलं ते असं. नवऱ्यानं कधीतरी कुडाच्या भिंतीत लिंपणाखाली नोटा ठेवल्या होत्या. सांगायचं राहिलं आणि तो गेला. धक्क्यांनी लिंपण पडलं आणि फडकं बाहेर आलं. पैसे तिचेच. भिंत तिची. पुरावा हवा तर अर्धी भिंत अजून उभी होती. मी म्हटलं, "आजी, ह्या चालत नाहीत." ती म्हणाली नाही काही. नोटा तिनं एकावर एक नीट लावल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि अगदी पैसेच आहेत अशा काळजीनं परत कमरेला खोचल्या. मी पुढचा नंबर पुकारला. दुसरं काय करणार होतो? पण कुणी विचारलं तर आजही मला नेमकं सांगता येत नाही की मी तिच्याकडे बघून पुकारला, की स्क्रीनकडे.

तेव्हा हिशेब असा होतो. जिची वस्तू तिच्या घरात, तिच्या माणसानं ठेवलेली, तिला ती सव्वादोन वर्षांत परकी झाली. आणि कुणाचा कोण जाणे तो रुपया, त्याच्यावर माझा हक्क शंभर वर्षांनी पिकला. हा कुठल्या पद्धतीनं टॅली करायचा ते मला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं.

जोडव्याचं मात्र आम्ही लगेच केलं. शहाळेवाल्याच्या गाडीवर पुठ्ठ्याची पाटी लावली, 'जोडवे सापडले आहे, ओळख पटवून न्यावे', आणि त्याच्याकडे माझा फोन नंबर दिला. मेहुणा म्हणाला, पन्नास बायका येतील आणि पन्नासजणी 'माझंच' म्हणतील. तीन आल्या. पहिली मासळीची टोपली बाजूला ठेवून, हात पुसून आली. तिचं गेल्या गणपतीत गेलं होतं. तिनं जोडवं उलटं-सुलटं केलं आणि म्हणाली, "माझं जाड होतं. हे नव्हं." दुसरी पालघरहून फिरायला आलेली. तिचं नक्षीचं होतं. तिसरीनं तर हातातही घेतलं नाही. लांबूनच मान हलवली. तिघींचंही जोडवं याच वाळूत हरवलं होतं, चांदी साधारण तेवढीच, मी न्या म्हटलं असतं तर कोण अडवणार होतं? ही आत येऊन मला हळूच म्हणाली, "अहो, तो रुपया देव्हाऱ्यातनं काढा बघू."

मी काढला. पाकिटात घातला. पाकिटावर सवयीनं लिहिलं : 'जास्त आलेली रोकड, रु. १', खाली तारीख. कलेक्टरसाहेबांच्या नावे अर्ज केला आहे, दोन प्रतींत. सापडल्याचं ठिकाण, वेळ, खोली, वस्तूचं वर्णन. 'अंदाजे किंमत' या रकान्यापाशी मेहुणा आणि मी अजून भांडतो आहोत, पण फोनवर. कारण तो पुण्याला परत गेला आणि हल्ली त्याला मातीची भांडी करण्याचा झटका आहे. पालघरला जायचं या सोमवारी म्हणता म्हणता तिमाही क्लोजिंग आलं. पुढच्या सोमवारी नक्की.

परवा संध्याकाळी सुरूकडे फिरायला गेलो, तर शहाळ्याच्या गाडीवर पाटी नव्हती. दोऱ्यात अडकवलेलं जोडवंही नव्हतं.

"नेलं का कुणी?" मी विचारलं.

"नेलं."

"तिचंच होतं का पण? नक्षी वगैरे विचारलीस?"

"नाही बा." त्यानं कोयता शहाळ्यावर मारला. "पायात बसलं."